बिनमटणाचा नव्याचा सण

माझ्या हातच्या चिकाच्या हलव्याला नावं ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. हे मीच सांगते, कारण दुसऱ्यानं सांगेपर्यंत थांबण्याचा माझा स्वभाव नाही. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आमचं नवं वर्ष पाऊस सरता सरता लागतं, त्या दिवसाला आमच्यात नव्याचा सण म्हणतात. त्या सणाला मटण आणि हा हलवा हवाच. गव्हाचा चीक नारळाच्या दुधात घोटून तो करायचा. मटणाच्या जेवणात गाईम्हशीच्या दुधाचा थेंबही चालत नाही, म्हणून आमच्या बायकांनी नारळाला हाताशी धरलं ते पिढ्यान्‌पिढ्या.

दोन वर्षांपूर्वी इस्राएलहून मुलाचा फोन आला. नात सणाला माझ्याकडे येणार होती, पहिल्यांदाच एकटी. मी लगेच विचारलं, मटण किती सांगू?

"आई, ती मटण खात नाही. अंडं, दूध, तूप काहीच नाही. मधसुद्धा नाही. तुला झेपेल ना?"

गिरण्यांच्या संपानंतर मी वीस वर्षं लोकांच्या लग्नाबारशाचा स्वयंपाक केला, त्या मला हा झेपेल ना विचारतो! पण माझा जीव दुसरीकडेच अडकला होता. मी ताडकन म्हटलं, "तिच्यापुरतं वेगळं करीन. पण बिनमटणाचा सण माझ्या घरी होणार नाही."

 तो हळूच म्हणाला, "मटण असलेल्या टेबलाला ती बसत नाही, आई."

मी फोन ठेवून दिला. माझ्या हट्टामागे एक कारण होतं आणि ते मी मुलालाही कधी सांगितलं नव्हतं.

संप सुरू झाला तेव्हा माझा हा मुलगा पाळण्यात होता. नवरा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता, आम्ही घोडपदेवच्या चाळीत राहत होतो. नव्याचा सण आला तोवर पगाराचं तोंड बघून आठ महिने झाले होते, मटण कुठून येणार? सासूबाई मानी. त्यांनी भरदिवसा खोलीचं दार लावून घेतलं. चाळीत दिवसा दार लागायचं ते कुणी गावाला गेलं तर, नाहीतर नवरा-बायकोचं जुंपलं तर. दार लावून त्यांनी कांदा-खोबरं भाजलं, गरम मसाला वाटला, तो तेलात परतला आणि खिडकी मात्र उघडी ठेवली. सगळ्या गॅलरीला मटणाचा वास. टोपात काय, तर दुधी आणि बटाटा! सोबत वालाचं बिरडं आणि भोपळा. नवऱ्यानं मान खाली घालून चार घास खाल्ले. हलवा झाला होता, रेशनच्या गव्हाचा. दरवर्षी तो घरोघर ताटलीतून जायचा, त्या वर्षी गेला नाही. ताटली परत द्यायला येणारी बाई आत डोकावणार, ही भीती. हलव्यावर फडकं टाकून तो कपाटात सरकवला तो मीच. आणि मनात शपथ घेतली, घर माझ्या हाती आलं की ह्या सणाला मटण चुकायचं नाही.

गिरणी नवऱ्यासाठी पुन्हा उघडली नाही. तो वॉचमन झाला, मी ऑर्डरी घेऊ लागले. पुढच्या वर्षीपासून हलवा पुन्हा घरोघर जायला लागला आणि सणाचं मटण एकदाही चुकलं नाही. नवरा गेला त्या वर्षीही नाही.

आता चाळीच्या जागी टॉवर आहे. समोरच्या दारात चाळीतलीच शेजारीण राहते. आम्ही दोघी एकाच वर्षी सुना म्हणून मिरवत चाळीत आलो नसलो तरी म्हातारपणी सुनांच्या तक्रारी बरोबरच करतो. ती बौद्ध, तिचा नवराही त्याच गिरणीतला. मुलाचं बोलणं तिला सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली.

"पोरगी सात समुद्र ओलांडून येतेय आणि तू मटणाला कवटाळून बसलीस? येडी काय गं तू!"

दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मुलाला फोन केला, म्हटलं, पाठव. करायचंच आहे तर असं करीन की त्या टेबलावर मटणालाच लाज वाटेल.

नात आली आणि मी तिला लगेच कामाला लावलं. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, गाळायचे आणि खाली बसलेला चीक घ्यायचा. तिचं मराठी मोडकं, पण हात चपळ. सफरचंद मधात बुडवून खायची आमची रीत आहे, तिथं मी काकवी ठेवली. आता उरली मुंडी. वर्षभर आपण शेपूट नव्हे, शीर व्हावं म्हणून त्या दिवशी बोकडाची मुंडी मांडतात. नात म्हणाली, तिच्या मैत्रिणी कोबीचा गड्डा ठेवतात.

"कोबी? वर्षाची सुरुवात कोबीनं?" मी शेंडीवाला नारळ तिच्यासमोर ठेवला. "ह्याला शेंडी आहे, तीन डोळे आहेत. ह्याहून मोठं डोकं तुझ्या इस्राएलमध्ये असेल तर दाखव."

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी शेजारीण हलवा घोटायला आली. मदत म्हणून तिनं थाळ्याला घरच्या तुपाचा हात फिरवला. मी किंचाळलेच. थाळा तीनदा घासला, खायचं खोबरेल लावलं. ती म्हणाली, "एवढं तर माझी सासूपण कधी ओरडली नाही."

घोटता घोटता नातीनं विचारलं, मटण नाही म्हणून तू एवढी का रागावली होतीस? हलव्याला तास-दीड तास सोडता येत नाही, तेव्हा तोंड मोकळंच असतं. मी सगळं सांगितलं. लावलेलं दार, मसाल्याचा वास, टोपातला दुधी. शेजारणीसमोर पहिल्यांदाच.

शेजारीण शांतपणे म्हणाली, "आम्हाला तेव्हाच कळलं होतं. तुझा नवरा पिशवी घेऊन आलाच नव्हता, मग मटण काय उडत आलं? आणि आमच्या घरी तरी काय होतं? ठेचा-भाकर. मटणाचं कुणाला पडलं होतं गं? माझी मोठी लेक हलव्यासाठी संध्याकाळपर्यंत दारात बसून होती. तुमचं दार काही उघडलं नाही. माझी सासू म्हणाली, गिरणी बंद झाली तशी माणसंपण बंद झाली."

माझा हात थांबला. हलवा बुडाला लागायला लागला तेव्हा तिनंच माझ्या हातातून कालथा घेतला. मला फार लाज वाटली. चाळीस वर्षं मी मटण राखलं, त्याचा तोरा मिरवला, आणि त्या दिवशी चुकलं होतं ते भलतंच.

सणाला टेबल मांडलं. बिरडं नारळाच्या दुधातलं, भोपळ्याचे घारगे, तांदळाच्या भाकऱ्या, काळ्या मनुकांचं सरबत, मधोमध नारळ. नातीनं दहा फोटो काढले. खोटं कशाला बोलू, असं देखणं टेबल मी आयुष्यात मांडलं नव्हतं. बसण्याआधी मी दार उघडलं, बाहेरचं जाळीचंही, आणि ते मिटू नये म्हणून मध्ये पाटा सरकवला. मग हलव्याची ताटली घेऊन समोर गेले. शेजारणीनं मोठीला मुद्दाम भोईवाड्याहून बोलावून घेतलं होतं. तिचे केस पिकलेत, नातवंडं व्हायचं वय झालंय.

"हे त्या सालचं," मी म्हटलं.

तिनं दारातच उभ्या उभ्या तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाली, "काकी, आता दार लावू नका हं."

लावलं नाही. जेवणं होईपर्यंत ते सताड उघडं होतं, आणि माझ्या टेबलावर मटण नाही हे लिफ्टमधून उतरणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं.