तटस्थ

ज्ञानकोशावर तिचं नाव ‘तटस्थ’ होतं. घरात ती नुसती धाकटी. आईवडील गेले, पन्नाशी उलटली, तरी ताईच्या लेखी ती धाकटीच. ताईचे यजमान, डॉक्टर, वारल्यावर ताई तिच्या दोन खोल्यांत राहायला आली तेव्हा पलंग ताईला मिळाला आणि धाकटी बाहेरच्या दिवाणावर गेली. कोणी कोणाला विचारलं नाही.

दिवसा ती विम्याच्या कचेरीत टपाल लावायची. तिथंही तिला कोणी काही विचारत नसे. संध्याकाळी मात्र जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला की लोक तिची वाट बघत असायचे. कोणीही लिहावं, कोणीही खोडावं असा तो इंटरनेटवरचा ज्ञानकोश. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं पुसायचं, पहिल्यानं पुन्हा लिहायचं, असं हातघाईवर आलं की लेखाला कुलूप लागे आणि भांडण तंट्यांच्या पानावर येई. तिथं ती दोन्हीकडचं ऐकून घ्यायची आणि निवाडा द्यायची. धबधब्याच्या उंचीवरून एकमेकांची अक्कल काढणारे दोन प्राध्यापक तिच्या एका ओळीनं गप्प झाले होते. तिचा नियम एकच: छापील संदर्भ दाखवा. मला माहीत आहे, मी पाहिलंय, हे चालणार नाही.

“लष्कराच्या भाकऱ्या,” ताई म्हणायची. “पगार किती देतात?”

“काही नाही.”

“मग बरोबर. फुकट न्यायाधीश!”

आणि एके दिवशी त्या पानावर ताईचीच शाळा आली.

डॉक्टर कानाचे. त्यांच्या दवाखान्यामागच्या औषधांच्या खोलीत ताईनं बहिऱ्या मुलांना शिकवायला सुरुवात केली, ती धोबिणीच्या मुलीपासून. मुलीचा हात स्वतःच्या गळ्यावर धरायचा आणि ‘म’ म्हणायचा. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, “औषधांचा एकही खोका हलवायचा नाही, बाकी काय करायचं ते कर.” पुढं मुलं वाढली, इमारत झाली, पाटी लागली आणि पाटीवर डॉक्टरांचं नाव आलं. ज्ञानकोशातही तेच होतं: संस्थापक, डॉक्टर. ताईच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं, तो आता नकाशे काढतो, तिथं ताईचं नाव घातलं. डॉक्टरांच्या पुतण्यानं, तो आता शाळा चालवतो, ते काढलं. त्यानं घातलं, यानं काढलं. कुलूप लागलं.

धाकटीनं त्या पानावर पहिली ओळ लिहिली ती अशी: ‘या विषयाशी माझं घरचं नातं आहे. निवाडा दुसऱ्या कोणी करावा.’

“तुला कोणी विचारलं होतं का?” ताई म्हणाली.

“नियम आहे, ताई. आपलेच दात, आपलेच ओठ. नंतर बोभाटा झाला असता.”

“सांग ना त्यांना, मी जिवंत आहे म्हणावं. मला विचारा.”

“तुझं तोंडी चालत नाही. कुठं तरी छापून यायला हवं.”

तो मार्गही धाकटीनंच काढला. एका दैनिकाच्या वार्ताहर मुलीला घरी बोलावलं. ताईनं ठेवणीतली साडी नेसली. दुपारभर बोलली, हसली, त्या मुलीचा हात आपल्या गळ्यावर ठेवून तिला ‘म’ ऐकवला. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. जाताना ती दोघींच्या पाया पडली.

रविवारी छापून आलं. फोटो झकास होता. वर मथळा: ‘पतीच्या स्वप्नाला साथ’. आणि खाली, ‘डॉक्टरांनी स्थापन केलेल्या शाळेत त्यांच्या पत्नीनंही हौसेनं शिकवलं.’

ताईनं पेपर वाचला, घडी घातली आणि भाजी निवडायला घेतली.

धाकटीनं फोन लावला. मुलगी गोंधळली. “मावशी, संस्थापक, साल वगैरे मी ज्ञानकोशातूनच घेतलं. मुलाखतीत माणसं थोडं इकडंतिकडं सांगतात ना, म्हणून तपासून घेतलं. तिथलं पक्कं असतं, तुम्हीच तर म्हणालात!”

संध्याकाळी पुतण्यानं तोच पेपर पुरावा म्हणून जोडला. निवाड्याला बसलेला गृहस्थ सभ्य होता. धाकटीनं त्याला लिहिलं, ‘पेपरनं आपल्याच लेखातून उतरवलंय. आपली सावली आपणच साक्षीला उभी करतोय.’ त्याचं उत्तर आलं, ‘तटस्थ, तुमचा आदर आहे. पण हे दाखवणारं काही छापील आहे का? शिवाय तुमचं नातं आहे, हे तुम्हीच सांगितलंय.’ आणि त्यानं मधला मार्ग सुचवला: ‘संस्थापक डॉक्टर, पत्नीचे सहकार्य लाभले.’ दोन्ही बाजूंनी मान्य की अमान्य ते लिहावं.

ताई मागं येऊन उभी राहिली होती. चष्मा लावून तिनं ती ओळ वाचली.

“सहकार्य,” ती म्हणाली. “एक खोका हलवू दिला नाही, एवढं सहकार्य त्यांनी मला केलं. या कुलपाची किल्ली तुझ्याकडं असते ना?”

“असते.”

“मग उघड आणि लिही खरं काय ते.”

“उद्या कोणी तरी पुसेल.”

“पुसू दे. एक दिवस तर राहील.”

धाकटीचे हात मांडीवरच राहिले. लिहिलं असतं तर किल्ली गेली असती, नाव गेलं असतं, आणि संध्याकाळी इथं नुसतं टेबल उरलं असतं. हे ताईला सांगण्यासारखं नव्हतं.

“तसं करता येत नाही, ताई. चुकीचं होईल.”

“तुझं बरोबरच असेल,” ताई म्हणाली. “डॉक्टरांचंही नेहमी बरोबरच असायचं.”

ती आत गेली. दार लावलं नाही, नुसतं लोटलं.

नकाशेवाल्यानं ‘अमान्य’ लिहिलं होतं आणि त्याखाली, ‘मी इथून कायमचा जातो. बाईंना नमस्कार.’ ताईची बाजू मांडली म्हणून धाकटीचंही नाव तिथं आलं होतं, आणि त्यासमोरची जागा रिकामी होती. अमान्य म्हणावं तर लोक म्हणणार, शेवटी बहिणीची बहीणच. काहीच लिहू नये तर पान लोंबकळत राहणार, आणि लोंबकळतं पान तिला कधी बघवलं नव्हतं.

तिनं ‘मान्य’ लिहिलं.

थोड्याच वेळात खाली शाबासकीच्या ओळी येऊ लागल्या. घरचं माणूस असूनही ही वृत्ती, असं एकानं लिहिलं. पुतण्यानं हात जोडल्याचं चित्र टाकलं. धाकटीनं एकेकाला ‘आभारी आहे’ लिहिलं आणि मग जेवायला हाक मारली. लोटलेल्या दारामागं ताईनं दिवा मालवला. तिनं पुन्हा हाक मारली.