रविवारचं पोस्टमॉर्टेम

शेअरबाजारात पैसे घालवलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण त्याची हकिगत पाहुण्यांना बसवून, चहा पाजून, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवणारा माणूस एकच: माझ्या मावसबहिणीचे, ताईचे यजमान, आमचे भाऊजी. साउथहॅम्प्टनच्या एका हॉस्पिटलात ते भूल देत. दिवसभर दुसऱ्यांना झोपवणारा हा माणूस घरी आला की टीव्हीच्या पडद्यावर शेअरचे भाव दाखवणाऱ्या टेलिटेक्स्टसमोर डोळे ताणून बसे. भावांची पानं आपोआप उलटत. आपलं पान निसटलं की सगळा फेरा संपेपर्यंत थांबायचं. तेवढ्यात कोणी हाक मारली तर "थांब, सात पानांतलं चौथं चाललंय!" एवढंच उत्तर. एका शिपिंग कंपनीचे शेअर त्यांनी घेतले, ते तिची बोट बंदरात छान दिसली म्हणून. भाव उतरत गेला तसे भाऊजी आणखी घेत गेले. विकायचं म्हणजे आपण चुकलो म्हणायचं, आणि कन्सल्टंट झाल्यापासून ते वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

मग सत्त्याऐंशीचा ऑक्टोबर आला. वादळानं आधी दारातलं झाड त्यांच्या गाडीवर पाडलं, आणि लगेचच्या सोमवारी बाजार पडला. भाऊजी गाडीचं सगळ्यांना सांगत सुटले. बाजाराबद्दल अवाक्षर नाही. पुण्याला परतल्यावर घ्यायच्या फ्लॅटचे पैसे त्यात होते. नवव्या दिवशी त्यांनी ताईला सांगितलं. मी तेव्हा त्यांच्याकडेच राहून ज्युनियर डॉक्टरकी करत होते, म्हणून समोरच होते. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेशंट गेला तर नातेवाइकांना आठ दिवसांनी सांगता का हो?"

पुढच्या रविवारपासून ताईनं घरात दर आठवड्याचं पोस्टमॉर्टेम सुरू केलं. शेअर का घेतला, कधी विकायला हवा होता, चूक कोणाची, हे भाऊजींनी, पाहुणे असले तरी, जेवणाच्या टेबलाशी उभं राहून सांगायचं. सुरुवातीला चूक सरकारची, ब्रोकरची, अमेरिकेची निघे. ताई म्हणे, "त्यांतलं कोणी इथे बसलेलं नाही. पुढे बोला." एकदा इथेच जन्मलेली त्यांची मुलगी म्हणाली, "बाबा, धिस इज द थर्ड टाइम. तुम्ही परत तोच चूक केला."

"तोच नाही गं, तीच! तीच चूक केली मी!" भाऊजी ओरडले, आणि आपण काय बोललो ते कळून खाली बसले.

त्यानंतर मात्र ते शेअर घेतानाच ठरवू लागले, किती उतरला की विकायचा. आणि विकूही लागले. तोटे लहान झाले. पुण्याचा फ्लॅट काही झाला नाही.

पुढे लग्न होऊन मी मिल्टन कीन्सला गेले. तिथे फेलोशिपच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाले आणि नवऱ्याला आणि फोनवर ताईलाही सांगितलं, रिझल्ट लांबलाय. पण ताईकडून कळलेली ही थाप भाऊजींसारख्या हॉस्पिटलातल्या माणसाला पचणार कशी! शनिवारी दुपारी भाऊजी दारात हजर. रस्ता चुकून तासभर चौकातल्या एकाच राउंडअबाउटला प्रदक्षिणा घालून आलेले.

"नवऱ्याला सांगितलंस?"

"नाही."

ते किचनमध्ये बसले. परीक्षेचं काही विचारलं नाही. म्हणाले, "ते आठ दिवस ड्यूटी संपली की मी बसस्टॉपवर नुसता बसून राहायचो. बस यायच्या, जायच्या. चढवत नव्हतं. पैशांचं एवढं नाही गं. तुझी ताई समोर हसतेय आणि आपल्याला एकट्यालाच माहीत आहे, ते सोसवेना." रविवारी कधीही न सांगितलेलं एवढं सांगून, चहा घेऊन ते निघाले.

नवरा बाजार करून आला. तो पिशव्या खाली ठेवायच्या आधीच मी म्हटलं, "रिझल्ट लागलाय. मी नापास झाले."

त्यानं पिशव्या खाली ठेवल्या. मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. मला वाटत होतं, तू माझ्यावरच रागावली आहेस."