जवळ्याचं जाळं

शोकेसमधलं विमानवाहू जहाज पुसायला घेतलं, की पूर्णगडची ती दुपार आठवते. दादा तेव्हा नौदलात, अशाच जहाजावर होता. समुद्रात वादळ होतं आणि त्याचा फोन येत नव्हता. त्याचं अर्धवट राहिलेलं हे मॉडेल मी पुरं करत होते. डेकच्या कडेनं माणसं पडू नयेत म्हणून जाळी असते, असं तो सांगायचा. किटमध्ये ती नव्हती, म्हणून मी घरच्या फाटक्या जाळ्याचा तुकडा चिकटवला. गोंदाचा वास डोळ्यांना झोंबत होता.

आईनं तांदळाएवढा प्लास्टिकचा खलाशी चिमटीत धरून वरून सोडला. तो भोकातून थेट जमिनीवर पडला.

"अगो, हे बांगड्याचं जाळं! माणूस राहील काय यात? जवळ्याचं आण."

"आई, खेळणं आहे ते!"

"आण म्हणते ना!"

इवलीशी जवळा कोळंबीही निसटणार नाही, अशी बारीक भोकांची जाळी लावली. आईनं पुन्हा खलाशी सोडला. या वेळी तो अडकला, तेव्हा कुठे ती जेवायला उठली. मला तिचा रागच आला होता.

दादाचा फोन पुढच्या आठवड्यात आला.

आता माझा लेक बोटीवर आहे. जहाज पुसून झालं, की मी जाळीवरून बोट फिरवते. कुठे भोक मोठं झालं नाही ना, बघते.