देव पुरवतो, मी परत पाठवतो

चिंता कशी करू नये, या विषयावर मी फार सुंदर बोलतो. आमच्या चर्चच्या मंडळीची दर गुरुवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते आणि त्या गुरुवारी संदेश द्यायची पाळी माझी होती. पाखरांच्या पोटापाण्याची काळजी देव कशी वाहतो, हे मी इतक्या तळमळीनं सांगितलं की पुढं बसलेल्या दोन बायकांनी डोळे पुसले. आतल्या खोलीत भजी तळली जात होती, तो धूरही असू शकेल. पण श्रेय मी घेऊन टाकलं. शेवटी एक वाक्य फेकलं, "ज्यांचा विश्वास अर्धा, त्यांनाच चिंता पुऱ्या!" हे वाक्य माझं स्वतःचं. देवाचा त्यात काही दोष नाही.

दोनच दिवसांनी बायको जिन्यावरून घसरली आणि घोट्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि बजावलं, "सहा हफ्ते पैर ज़मीन पर नहीं. हड्डी अभी जगह पर है. खिसकी, तो ऑपरेशन करके प्लेट डालनी पड़ेगी." बायकोनं मान हलवली. मीही हलवली, जबाबदार नवरा हलवतो तशी.

घरात आम्ही दोघंच. मुलगी पुण्याला शिकते, तिला परीक्षेच्या दिवसांत काही कळवायचं नाही असं ठरलं. म्हणजे स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आलं. पंचवीस वर्षांच्या संसारात मी तिथं पाणी प्यायला नियमित जात असे, तेव्हा अनुभव नव्हता असं म्हणता येणार नाही.

आता, चिंता न करणाऱ्या माणसानं पहिलं काम काय केलं? स्कूटर काढली, सियागंजचा घाऊक बाजार गाठला आणि दहा किलो तूरडाळ, तांदळाचं एक पोतं आणि किलोभर हळद घेऊन आला.

"लग्न कोणाचं आहे?" बायकोनं पलंगावरून विचारलं.

पहिल्या दिवशी डाळ कुकरच्या तळाला लागली. दुसऱ्या दिवशी छताला. तिसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याला शरण गेलो. सकाळी पोहे-जलेबी, दुपारी पोहे, संध्याकाळी शेव जास्त घातलेले पोहे. "क्या भिया, भाभी मायके गई क्या?" असं तो आधी विचारायचा. नंतर मला लांबून बघताच पुडी बांधायला लागला.

"अहो उपदेशक," बायको म्हणाली, "तुमच्या त्या पाखरांनासुद्धा तिन्ही वेळा पोहे नसतात मिळत."

आमच्या वरच्या मजल्यावर मंडळीतल्याच एक मावशी राहतात, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. चौथ्या दिवशी त्या डबा घेऊन दारात उभ्या.

"बेटा, भाजी-पोळी आहे. गरम आहे, घे."

"अरे नको मावशी! तुम्ही कशाला त्रास घेता? आमचं सगळं एकदम व्यवस्थित आहे."

माझ्या पाठीमागून करपलेल्या डाळीचा धूर बाहेर येत होता. मावशींनी एकदा श्वास आत ओढला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि डबा घेऊन वर निघून गेल्या. घ्यायचा होता हो मला तो डबा. पण आठवड्याभरापूर्वी ज्यानं बायकांना रडवलं, त्यानं दारात उभं राहून भाजी-पोळी कशी मागून घ्यायची?

मग गुरुवार आला. सभेत प्रत्येकाच्या विनंत्या विचारल्या जातात, मग त्या सगळे मिळून देवापुढं मांडतात. कोणाची नोकरी, कोणाची शुगर. पाळकसाहेब माझ्याकडे वळले. "घरी कसं चाललंय? तुमच्यासाठी काय मागायचं?"

"प्रभूची स्तुती असो, पाळकसाहेब! काही कमी नाही."

सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं. मावशी पंख्याकडे बघत बसल्या.

शनिवारी सकाळी मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तर घरभर गरम पोळीचा वास. एक क्षण मला वाटलं, देवदूत आला. तर ओट्याशी बायको उभी होती. एक हात ओट्यावर, दुसऱ्या हातात उलथनं आणि प्लास्टरचा पाय सपाट जमिनीवर. चेहरा पांढराफटक.

"मला एक पोळी खायची होती," ती म्हणाली. "फक्त एक."

पाय सुजला होता. एक्सरेच्या खोलीबाहेर बाकावर बसून मी प्रार्थना केली. तिच्यात पाखरं नव्हती, फुलं नव्हती, एकही सुंदर वाक्य नव्हतं. देवा, हाड सरकू देऊ नकोस, गाढव मी आहे, पाय तिचा आहे. एवढंच, पुन्हा पुन्हा.

डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. "बच गए. खिसकी नहीं है. पर एक बार और खड़ी हुईं, तो प्लेट पक्की. खाना कौन बना रहा है घर में?"

"मैं."

त्यांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं. "किसी और को बोलिए."

बायकोला पलंगावर बसवलं आणि थेट वर गेलो.

"मावशी, तो डबा..."

"कुठला डबा? तुमचं तर सगळं एकदम व्यवस्थित आहे ना?"

"नाहीये. काहीच व्यवस्थित नाहीये. ती पुन्हा उठेल, हाड सरकेल, याची मला भीती वाटतेय. मला स्वयंपाक येत नाही, मावशी."

"मग सभेत बोलायला काय झालं होतं? तोंडात जलेबी होती?"

"त्याच्या आधीच्या गुरुवारी संदेश मीच दिला होता ना."

मावशी इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. मग म्हणाल्या, "बेटा, डबा आणला त्या दिवसापासून मी रोज चार पोळ्या जास्त करते. तुमच्याच. सकाळी प्रार्थनेत मनात आलं म्हणून. तू डबा परत पाठवलास, मग त्या खालची कुत्री खातात. न चुकता येतात. विश्वास त्यांच्याकडून शिक."

आणि मी इतके दिवस देवाला विचारत होतो की उशीर का करतोयस!

तासाभरात मावशींच्या फोनवरून मंडळीतल्या बायकांनी वार वाटून घेतले. बुधवारी कारली आली. मला कारली आवडत नाहीत, पण एव्हाना माझं मत विचारणं सगळ्यांनीच सोडलं होतं. मावशींनी मला ओट्यापासून हटवून भांड्यांना लावलं. तिथंही "बेटा, कढईला मागची बाजू पण असते," हे ऐकावं लागलंच.

भांडी घासता घासता आतून बायकोचा आवाज आला, "आमटीत तिखट फार पडलंय हो!"

ओल्या हातांनीच मी धावलो. मला वाटलं, निघाली ही ओट्याकडे. ती पलंगावर होती. पाय दोन उशांवर, मांडीवर ताट.

"बघताय काय?" ती म्हणाली. "अजून एक पोळी आणा."