स्वतःच्या नावानं शिमगा

अण्णांना वाद घालायचा असला की ते आधी सायकलवरून उतरत. नुसते उतरत नसत. सायकल स्टँडवर लावत, कुलूप घालत, चावी बंडीच्या खिशात टाकत, खिसा वरून एकदा चाचपत आणि मग म्हणत, "हां, काय म्हणत होतास?" तेवढ्या वेळात समोरच्याचा अर्धा जोर गेलेला असे. मी एकदा विचारलं की कुलूप कशाला, इथे तुमची ती सायकल नेणार कोण? तर म्हणाले, "सायकल कोणी नेत नाही गं. मी पळून जाऊ नये म्हणून कुलूप." वादात हरायला लागलं की पायडल मारून सटकायची माणसाला फार खोड, असं त्यांचं मत होतं, आणि त्या माणसांत ते स्वतःलाही धरत.

चौलच्या अलीकडे, समुद्राला लागून आमचं गाव. रस्त्याच्या एका अंगाला नारळी-पोफळीच्या वाड्या, दुसऱ्या अंगाला खाडीच्या तोंडाशी कोळीवाडा. अण्णांची वाडी आमच्या वाडीला लागून. तीस वर्षं त्यांनी रेवसला लाँचच्या तिकीटखिडकीत काढली. पहाटे उठून वाडीला पाणी लावायचं आणि मग कामावर जायचं, हा शिरस्ता. लाँच चुकलेल्या माणसाला बाकीचे लोक "थोडक्यात चुकली हो" असं म्हणून गोंजारत. अण्णा खिडकीतून म्हणत, "चुकली नाही, तुम्ही उशिरा आलात." त्यामुळे धक्क्यावर ते फारसे कुणाचे लाडके नव्हते. पण म्हाताऱ्या मावशीबायांच्या पाट्या उचलून लाँचवर ठेवायला खिडकी सोडून बाहेर येणारे तेच एक होते, हेही सांगायला हवं.

अण्णांचा जिवाभावाचा मित्र एकच, कोळीवाड्यातले धर्मा नाखवा. स्वतःची होडी असलेले, जाडजूड, कमी बोलणारे. दोघं एका बाकावर शिकले आणि एकाच दिवशी मार खाऊन शाळेतून पळाले. अण्णांना 'अनंता' म्हणणारं गावात तेवढं एकच माणूस उरलं होतं.

आमच्या होळीला पोफळ, म्हणजे सुपारीचं झाड, लागते. उभी, सरळ, शेंड्यासकट. ती पिढ्यान् पिढ्या अण्णांच्या वाडीतून जायची. झाड वाडीचं, पण खांदा कोळीवाड्याचा, अशी रीत होती. होड्या ओढून ज्यांचे खांदे तयार झालेत त्यांनीच ते न टेकवता मैदानापर्यंत न्यायचं. म्हणूनच होळीत पहिला नारळ टाकायचा मान नाखव्यांच्या घराकडे. आणि होळी पेटली की ज्याचं झाड त्यानं पहिलं नाव घ्यायचं. अमक्यानं वर्षभरात काय आगळीक केली ते सांगायचं, आणि मग सगळ्या गावानं हात उलटा तोंडावर मारून त्याच्या नावानं बोंब ठोकायची. ज्याच्या नावानं बोंब, त्यानं रागवायचं नाही. दुसऱ्या दिवशी हिशेब संपला.

या गावात साहेब आले. त्यांचं नाव मी लिहीत नाही. आमच्याकडे नुसतं 'साहेब' म्हटलं की पुरे. पंधरा वर्षं ते आमचे आमदार होते. बोलायला गोड, लक्षात ठेवायला पक्के. त्यांचं एक कसब होतं. कुठल्याही गावात गेले की ते आधी चौकशी करत, इथे मान कुणाचा? आणि मग ज्याचा नाही त्याच्या ओटीवर जाऊन बसत. त्या वर्षी होळीच्या आठ दिवस आधी ते अण्णांच्या ओटीवर बसले, कोकम सरबत प्याले आणि सहज विचारल्यासारखं म्हणाले, "अण्णा, झाड तुमचं, आणि पहिला नारळ त्यांचा? हे कुठलं गणित?"

एवढंच. पुढचं सगळं अण्णांनी केलं. तिकिटांचा मेळ बसवण्यात हयात गेलेला माणूस. गणित म्हटल्यावर त्यांना राहवेना. समुद्र जमीन खाऊ नये म्हणून दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा वाडीच्या बाजूनं आधी बांधून देतो, कोळीवाड्याचं नंतर बघू, असंही साहेब जाता जाता म्हणून गेले होते, आणि त्यानं आम्ही सगळेच हुरळलो होतो. दुसऱ्या दिवशी अण्णा कोळीवाड्यात गेले आणि धर्मा नाखव्यांच्या दारात उभे राहून सांगून आले की यंदा झाड आम्हीच नेऊ, तुम्ही येऊ नका. नाखवा नुसते आत गेले म्हणे.

त्या वर्षी वाडीवाल्यांनी पोफळ उचलली. बँकेतले, शाळेतले, कचेरीतले आमचे खांदे. मैदानापर्यंत ती तीनदा भुईला टेकली आणि एकदा तर बाळूच्या हॉटेलाच्या पत्र्यावर जाऊन पडली. कोळीवाड्यानं त्याच दिवशी किनाऱ्यावर सुरूचं झाड उभं केलं आणि स्वतःची होळी पेटवली. एका गावाच्या दोन होळ्या झाल्या, एकमेकींना दिसतील अशा. बारा वर्षं त्या तशाच पेटत राहिल्या.

त्या बारा वर्षांत अण्णा आणि नाखवा एकदाही बोलले नाहीत. दर्या घरापासून शंभर पावलांवर, पण अण्णा मासळी आणायला रेवदंड्याच्या बाजारात सायकल हाणत जात. सुमनकाकू, अण्णांच्या पत्नी, म्हणायच्या, "माझ्या ताटातली सुरमय माझ्यापेक्षा जास्त फिरलेली असते." अण्णा यावर सायकल पुसायला घेत. सायकल पुसायला घेतली की आम्हाला कळायचं, दुखलंय.

बंधारा झाला नाही. म्हणजे झाला, मोठाले दगड ट्रकांतून आले, आम्ही रस्त्यावर उभे राहून मोजलेही. पण ते गेले सरळ टोकाकडच्या एका नव्या बंगल्यासमोर, जिथे मुंबईचे मालक वर्षातून दोनदा येतात. तिथे अडलेलं पाणी आमच्या अंगावर आलं. दोन पावसाळ्यांत अण्णांच्या वाडीचा समुद्राकडचा अख्खा पट्टा गेला. विहिरीचं पाणी मचूळ झालं, मग खारट. कोळीवाड्यातली चार घरंही गेली. दगड दोघांनाही मिळाले नाहीत, हे एक समान झालं म्हणायचं.

मग साहेबांच्याच पक्षानं त्यांचं तिकीट कापलं आणि साहेब पायउतार झाले. आणि आमच्या गावात चमत्कार घडला. साहेबांना मत दिलेला माणूस औषधाला सापडेना. त्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लोक सुपाऱ्या झाकायला वापरत. आधी चेहरा वर असायचा, आता खाली गेला. बाळूच्या हॉटेलातला साहेबांबरोबरचा फोटो उतरला आणि तिथे कॅलेंडर आलं. ज्यांनी त्यांच्या गळ्यात हार घातले होते ते सांगू लागले की आम्ही तर तेव्हाच म्हणत होतो. अण्णा म्हणत, "ओहोटीला सगळेच पट्टीचे पोहणारे."

एका सकाळी मी पाव घ्यायला बाळूच्या हॉटेलात गेले होते. दहा-बारा वाडीवाले बसले होते आणि साहेबांची सालटी काढणं चालू होतं. अण्णा सायकलवरून चालले होते, ते थांबले. उतरले, स्टँड, कुलूप, चावी, खिसा. आत येऊन त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमच्यातलं कोणीच दिलं नव्हतं मत?" बाळू कपबशा विसळू लागला. "मी दिलं. तिन्ही वेळा दिलं. म्हणजे हा माणूस पंधरा वर्षं माझ्या एकट्याच्या मतावर निवडून येत होता होय?" एक-दोघं हसले. बाकीचे चहात बघत बसले. मी पावाचा पुडा उचलला आणि निघाले. माझीही तिन्ही मतं त्यांनाच होती.

त्याच वर्षीची होळी. सकाळी अण्णा आमच्या फाटकाशी आले. "मास्तरीणबाई, चल माझ्याबरोबर," म्हणाले. मी शाळेत शिकवते म्हणून ते मला मास्तरीणबाईच म्हणत. कोळीवाड्याच्या तोंडाशी त्यांनी सायकलला कुलूप घातलं आणि चावी माझ्या हातात दिली. "मी मागितली तरी देऊ नकोस." चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण बंडीची बटणं पुन्हा नीट लावून घेतली. त्यांना काय हवंय ते मला ठाऊक होतं. मरायच्या आत गावाची एक होळी आणि धर्मा नाखव्याच्या तोंडून एकदा आपलं नाव.

नाखवा दारात जाळं दुरुस्त करत बसले होते. अण्णा म्हणाले की यंदा झाड उचलायला या. नाखव्यांनी सुतळी दातानं तोडली.

"सायब गेला म्हनून आलास?"

"नाही. आधीच यायला हवं होतं, आलो नाही."

"आज तुम्ही सगले सायबाच्या नावानं बोंबलाल आनि मोकले व्हाल," नाखवा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "पन या दारात उभा राहून, तुम्ही येऊ नका, असा बोलला तो सायब न्हवता. तो तू व्हतास."

"व्हय," अण्णा म्हणाले.

नाखव्यांनी पुन्हा जाळ्यात डोकं घातलं. चहा विचारला नाही, बसा म्हटलं नाही. परत येताना अण्णा एकच वाक्य बोलले, "बरोबर बोलला तो." मला नाखव्यांचा राग आला होता, म्हातारा माणूस दाराशी आला तर एवढं ताणू नये असं वाटलं. तसं मी म्हटलंही. अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि चावीसाठी हात पुढे केला.

कोळीवाडा झाड उचलायला आला नाही. पोफळ आमच्याच खांद्यांवरून रडतखडत मैदानात पोचली. चंद्र वर आला, होळी पेटली, आणि वाडीवाले तयारीतच होते. साहेबांचं नाव घ्यायचं हे आठ दिवस ठरलेलं होतं. बाळूनं तर काय काय बोलायचं त्याची पाठांतरं केली होती. पण पहिलं नाव झाडवाल्यानं घ्यायचं असतं. अण्णा पुढे झाले, जाळाच्या अगदी जवळ.

"अनंताच्या नावानं," ते म्हणाले. आम्हाला वाटलं दुसराच कोणी अनंता. "या अनंतानं नाखव्याच्या दारात जाऊन सांगितलं, तुम्ही येऊ नका. साहेबानं नुसतं विचारलं होतं. सांगायला गेला तो हा. बारा वर्षं तोंड लपवून मासळी आणायला बाजारात गेला. त्याच्या नावानं बोंब."

आणि त्यांनी हात तोंडावर मारला. एकट्यानंच. रीतीप्रमाणे सगळ्यांनी साथ द्यायची असते, पण कोणाचा हात वर जाईना. अण्णांच्या नावानं बोंब मारायची तर ती आपल्याही नावानं लागणार, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. अण्णांचा आवाज फाटला, खोकला आला, पण ते थांबले नाहीत. त्या क्षणी मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि तरी माझा हात पदराशीच राहिला.

तेवढ्यात रस्त्याच्या बाजूनं बोंब आली. लांबलचक, खणखणीत, भर समुद्रात एका होडीतून दुसरीला साद घालतात तशी. धर्मा नाखवा उभे होते, मागे त्यांची दहा-पंधरा माणसं. ते सरळ आत आले, अण्णांच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांच्या कानाशी पुन्हा एकदा बोंब ठोकली. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "अजून कोन हाय? का अनंता एकलाच व्हता?"

बाळूनं आपलं नाव घेतलं. त्याच्या मागून आणखी दोघांनी. काही जणांना घरची पुरणपोळी आठवली आणि ते हळूच सटकले. सटकणाऱ्यांत मीही होते.

अण्णा त्यानंतर आठ-नऊ महिने होते. संध्याकाळी नाखवा त्यांच्या ओटीवर येऊन बसत. बोलणं फार नसे. सुमनकाकू सांगायच्या, दोघं मिळून विहिरीचं पाणी चाखून बघतात आणि अजून खारट आहे असं एकमेकांना रोज नव्यानं सांगतात. मार्गशीर्षात एका दुपारी झोपेतच अण्णा गेले.

यंदाच्या शिमग्याला गावात एकच होळी झाली. पोफळ कोळीवाड्याच्या खांद्यावरून आली, एकदाही टेकली नाही. पहिला नारळ धर्मा नाखव्यांनी टाकला. मग सगळे सुमनकाकूंकडे बघू लागले, झाड आता त्यांचं. काकू म्हणाल्या, माझं कोणावर काही नाही, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझं काही असलं तर घे."

मी पुढे झाले. बायका सहसा नाव घेत नाहीत आमच्याकडे, आणि शाळेतली मुलं समोर उभी होती. मी माझं नाव घेतलं. साहेबांना तीनदा मत दिलं ते सांगितलं. बंधारा आमच्या बाजूनं आधी होणार म्हणून मनातून आनंदले होते तेही सांगितलं. अण्णा हॉटेलात विचारत असताना पाव घेऊन निघून गेले, होळीतून पळाले, तेही. मग हात उलटा करून तोंडावर नेला.

सगळ्यात मोठी बोंब सुमनकाकूंनी मारली.