पुढे बसायची फटफटी

धुळ्याला आग्रा रोडवर एका अनोळखी माणसाने मला थांबवून विचारलं, "भाऊ, घरी कोण कोण शे?" असं विचारणाऱ्याचा मला लगेच संशय येतो.

त्याच्या दाराशी त्याने स्वतः जुळवलेली फटफटी होती. मागे एक चाक, पुढे दोन, आणि त्या दोन चाकांच्या मधे खुर्ची. म्हणजे टक्कर झालीच तर आधी खुर्चीतला जाणार. बोलताना तो उपरण्याने ती खुर्ची सारखी पुसत होता. संशय वाढला.

"मांगे बसाडं तर बायको माले धरी कशी? गावमां बठ्ठा देखतस," तो हळूच म्हणाला.

चारचौघांत बायकोने धरायची लाज, म्हणून खुर्ची पुढे. पण बायकोची अट होती की आधी परका माणूस बसून आला पाहिजे, नाहीतर शिंदखेड्याला माहेरच्या लग्नाला ती भावाच्या बैलगाडीतून जाणार. तिने दारातूनच माझ्या हाती ताकाने काठोकाठ भरलेला तांब्या दिला आणि न सांडता परत आणायला सांगितलं. मी खुर्चीत बसलो, तो मागे, आणि देवाचं नाव घेत आम्ही सोनगीरच्या दिशेने निघालो.

परतलो तेव्हा तांब्या रिकामा होता.

"तहान लागली, प्यालो," मी ऐटीत सांगितलं.

"मंग धोतर कसं वल्लं शे, भाऊ?" तिने विचारलं.

नवऱ्याने मान खाली घातली. तिने मला नखशिखान्त न्याहाळलं.

"ताक गयं, माणूस तं साबूत शे," म्हणत ती खुर्चीकडे आली.

ती बसेपर्यंत तो खुर्ची पुसतच होता.