चौतिसावा काटा

रविवारची सकाळ मी बडनेऱ्याच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये एका रोहूचे काटे काढण्यात घालवली. तुम्ही हसाल... आईही हसलीच.

मासा वलगावच्या मामांनी आणला होता, पेढी नदीतला, चांगला हातभर. पूर्वी असा मासा आला की बाबा स्वतः विळीवर बसायचे, आणि डोकं त्यांच्याच ताटात जायचं.

दोन वर्षांपासून त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. पिकल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं डॉक्टर म्हणतात. मागच्या वर्षी त्यांच्या घशात काटा रुतला, कोरड्या भाकरीचे गोळे गिळूनही दोन दिवस हलला नाही. तेव्हापासून मासा वाढला की ते ताट सरकवतात... "मले नाही आवडत आता."

आईनं एकदा काटे काढून घास भरवू का विचारलं, तर ते जेवणावरून उठलेच. उभा जन्म गँगमन म्हणून रुळांवर काढलेला माणूस तो.

मी आमच्या घरातली पहिली शिकलेली. त्यामुळे अडलेलं सगळं माझ्या पुस्तकात असणार, असं घरचे धरूनच चालतात. या वेळी खरंच होतं... शाळेच्या पुस्तकात माशाच्या सांगाड्याचं चित्र आहे, कण्याच्या दोन्ही बाजूंना अगदी सारखं.

मासा हळद-मीठ लावून थोडा वाफवला, कणा उचलला, दोन फाका वेगळ्या केल्या. रोहूचे बारीक काटे गलोलीसारखे दुफाटे असतात आणि मांसात लपतात. बोट सुलटं फिरवलं तर कळतच नाहीत, उलटं फिरवलं की टोचतात.

काढायला आईचा चिमटा घेतला. तो तिच्या कमरेला किल्ल्यांसोबत असतो, बाबांच्या तळपायातले बाभळीचे काटे तिनं त्यानंच काढलेत. राखेनं घासून, उकळत्या पाण्यात टाकून मगच वापरला.

दोन फाकांचे काटे दोन बशांत ठेवले. मोजले मात्र शेवटी, आणि तीच चूक झाली. डावीकडचे चौतीस... उजवीकडचे तेहतीस.

तोवर आईनं सगळे तुकडे रश्श्यात सोडले होते. कोणता तुकडा कोणत्या बाजूचा, आता कळायला मार्ग नव्हता. मी तीनदा मोजलं. एकेक तुकडा पुन्हा चाचपायला लागले, तशी आई म्हणाली, "काहून कोरून राहिली? चटणी होईल त्याची."

मामांनी विचारलं, मॅट्रिकच्या पेपरात एखादा मार्क सोडला नव्हता का. गप्प राहून वाढावं, असं माझ्याही मनात आलं... एकच तर काटा. पण बाबांचा मागच्या वर्षीचा घसा आठवला. आज पुन्हा रुतला, तर ते माशाला कधीच हात लावणार नाहीत.

ताट पुढे ठेवलं आणि सांगून टाकलं. "बाबा, एक काटा सापडला नाही. तुमच्या ताटातही असू शकतो."

त्यांचा हात ताटाच्या कडेवर गेला. मला वाटलं, आता ताट सरकणार.

"काढले किती?"

"सदुसष्ट."

"सदुसष्ट तू काढले. एक मले राहू दे."

आणि जेवायला लागले... हळूहळू, प्रत्येक घास बोटांनी कुस्करून, जिभेवर घोळवून. आमचे हात ताटातच थांबले होते. निम्मी भाकरी संपली असेल, तेव्हा त्यांचा जबडा थांबला. त्यांनी दोन बोटं तोंडात घातली आणि एक दुफाटा काटा ताटाच्या कडेला नीट ठेवला.

"हा घे. मोजून घे," म्हणाले. मग आईकडे वळून, "डोकं कोनाले वाढलं?"

संध्याकाळपर्यंत त्यांनी काट्यांच्या बशा हलवू दिल्या नाहीत. येईल त्याला दाखवत होते... माह्या पोरीनं काढले, यातला एक माहा आहे.

मी खरं सांगितलं नसतं, तर तो काटा कदाचित सुखरूप पोटातही गेला असता. पण बाबांच्या वाट्याचं काम राहून गेलं असतं.